डिजिटल व्हिडिओ गेमसोबत मॅन्युअल का मिळत नाही?

निन्टेंडो कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा गेम १९८७ साली अमेरिकेत विक्रीला आला. गेम सुरू करून कोणतेही बटण न दाबता थांबले, तर पडद्यावर आधी कथेची थोडक्यात ओळख येते, मग खेळात मिळणाऱ्या वस्तूंची यादी सरकत जाते आणि शेवटी नायक लिंक हातात एक पाटी धरून उभा दिसतो. तपशिलासाठी मॅन्युअल पाहा, असे त्या पाटीवर लिहिलेले असते. सप्टेंबर २०१८ पासून हाच गेम निन्टेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रावर वर्गणीदारांना डिजिटल स्वरूपात मिळतो. लिंक आजही पाटी धरून उभा राहतो. मात्र ज्या मॅन्युअलकडे तो खेळाडूला पाठवतो, ते सोबत नसते.

खोक्यातून मिळणाऱ्या गेमसोबत एके काळी छापील माहितीपुस्तिका हमखास असे. आता बहुतेक गेम थेट इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात आणि पुस्तिका जवळजवळ नाहीशी झाली आहे. नव्या गेमच्या बाबतीत हा बदल बराचसा निभावून जातो, कारण ते पुस्तिकेशिवाय खेळले जाणार हे गृहीत धरूनच तयार केलेले असतात. जुन्या गेमचे तसे नाही. त्यांत पुस्तिका ही सोबत दिलेली शोभेची वस्तू नव्हती, खेळाचाच एक भाग कागदावर होता. तो भाग वगळून उरलेले विकले, तर ग्राहकाच्या हाती अर्धवट वस्तू पडते.

पुस्तिकेत असायचे काय?

सुरुवातीच्या गेमना पुस्तिका लागतच नव्हती. १९७१ साली आलेला ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाणे टाकून खेळायचा गेम फारसा चालला नाही. त्याच्या सूचना लोकांना किचकट वाटल्या, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. त्याच निर्मात्यांनी पुढच्या वर्षी ‘पाँग’ आणला. त्यातली खेळाची सूचना एका ओळीत मावणारी होती: चेंडू चुकू देऊ नका, गुण वाढतील.

गेम घरच्या टीव्हीवर आणि संगणकावर आले तसे ते गुंतागुंतीचे झाले आणि मग खरी अडचण उभी राहिली ती मेमरीची. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आजच्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कित्येक पट मोठा असतो. एवढ्या जागेत चित्रे, संगीत, सगळे टप्पे आणि शत्रूंच्या हालचाली कोंबायच्या, तर मजकुराला जागा कुठून आणणार? कागद स्वस्त होता, मेमरी महाग होती. त्यामुळे कथा, पात्रांची नावे, शत्रूंची वैशिष्ट्ये, हत्यारांचे उपयोग हे सगळे कागदावर गेले.

मारिओचेच पाहा. पडद्यावर दिसते ते एवढेच की एक मिशीवाला माणूस विटा फोडत, कासवे तुडवत उजवीकडे धावत सुटला आहे. तो का धावतो, हे पुस्तिकेत आहे. कूपा नावाच्या कासवांच्या टोळीने मशरूमच्या राज्यावर हल्ला केला आणि जादूने तिथल्या प्रजेचे दगड, विटा आणि झुडपे करून टाकली. ही जादू फक्त राजकन्या उतरवू शकते आणि ती कैदेत आहे. म्हणजे मारिओ ज्या विटा डोक्याने फोडत जातो, त्यांपैकी काही त्या बिचाऱ्या प्रजेच्या असणार, असा विनोद पुस्तिका वाचलेले लोक अजूनही करतात. न वाचलेल्यांना तो कळत नाही.

‘झेल्डा’ची पुस्तिका आणखी कामाची होती. कोणती वस्तू कशासाठी, कोणता शत्रू कशाने मरतो याची सचित्र माहिती तीत होती आणि खोक्यात वेगळा नकाशाही होता. विस्तीर्ण प्रदेशात कोणतीही दिशा न दाखवता खेळाडूला सोडून देणारा गेम, अशी झेल्डाची ख्याती आज झाली आहे. तिचा काही भाग तरी नकाशा आणि पुस्तिका बाजूला ठेवून खेळल्यामुळे आलेला आहे.

संगणकावरच्या मजकूरप्रधान गेममध्ये हे तंत्र सर्वांत पुढे नेले ते अमेरिकेतील ‘इन्फोकॉम’ या कंपनीने. १९८२ सालच्या ‘डेडलाइन’ या खुनाच्या तपासाच्या गेममध्ये साक्षीदारांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचे छायाचित्र आणि पुरावा म्हणून चक्क गोळ्यांची छोटी पिशवी खोक्यात दिलेली होती. एवढा मजकूर डिस्कवर मावत नव्हता, म्हणून ही युक्ती निघाली. ग्राहकांना ती इतकी आवडली की पुढच्या गेममध्येही अशा वस्तू येऊ लागल्या. डग्लस ॲडम्स यांच्या कादंबरीवरून १९८४ साली केलेल्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या गेममध्ये एक रिकामी प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म अंतराळ-ताफा आहे, असा दावा होता. संकट दिसूच नये म्हणून काचांच्या जागी काळा पुठ्ठा लावलेला चष्माही होता. हा सगळा मामला डाउनलोडमध्ये कसा उतरणार!

पुस्तिका हेच कुलूप

पुस्तिका वगळल्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो मात्र दुसऱ्याच कारणाने. १९८० आणि १९९० च्या दशकांत फ्लॉपीची नक्कल करणे फार सोपे होते. पुस्तिकेची नक्कल करणे त्या मानाने कटकटीचे होते. म्हणून गेम खरेदी केलेला आहे की नाही, याची परीक्षा पुस्तिकेवरून घेतली जाऊ लागली.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस आवृत्तीत पहिला टप्पा पार केल्यावर राजपुत्र औषधाच्या अनेक बाटल्या मांडलेल्या खोलीत येतो. प्रत्येक बाटलीवर एकेक अक्षर असते. पुस्तिकेच्या अमुक पानावरील तमुक ओळीतल्या शब्दाचे पहिले अक्षर शोधा आणि ती बाटली प्या, असा आदेश मिळतो. चुकीची बाटली प्यायली की राजपुत्र मेला. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये किंवा ऑफिसच्या संगणकावर ‘प्रिन्स’ खेळलेल्या अनेकांना ही खोली आठवणार नाही, कारण इथे फ्लॉपीवरून फिरणाऱ्या प्रतींमधून ही परीक्षा बहुधा निकामी केलेली असे.

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या गेममध्ये एकावर एक बसवलेल्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मिळत. एकीवर चाच्यांच्या चेहऱ्यांचा वरचा भाग, दुसरीवर खालचा. पडद्यावर दिसणारा चेहरा चकत्या फिरवून जुळवायचा आणि खिडकीत दिसणारे साल टाइप करायचे. ‘सिमसिटी’ने संकेतांचा तक्ता गडद लाल कागदावर छापला, कारण तशा कागदाची झेरॉक्स काळीकुट्ट येते. साध्या डोळ्यांनी तो वाचायलाही कष्टच पडत. प्रामाणिक ग्राहकालाच शिक्षा, अशी तक्रार तेव्हाही होती.

असे प्रश्न गेमच्या बाहेरचे होते. त्यामुळे पुढे हे गेम डिजिटल दुकानांत आले, तेव्हा ते सहज काढून टाकता आले. खरी पंचाईत झाली ती जिथे कुलूप थेट कथेत गुंफलेले होते. ‘किंग्ज क्वेस्ट ६’ (१९९२) या गेममध्ये एका बेटावरील उभा कडा कोडी सोडवत चढावा लागतो. त्यांची उत्तरे खोक्यातल्या प्रवासमार्गदर्शिकेत आहेत. उत्तर चुकले की नायक खाली कोसळतो. ही मार्गदर्शिका नसेल, तर कितीही डोके चालवले तरी उपयोग नाही.

याहून प्रसिद्ध उदाहरण १९९० सालच्या ‘स्टारट्रॉपिक्स’चे. निन्टेंडोच्या या गेमच्या खोक्यात नायकाला त्याच्या काकाने लिहिलेले एक पत्र असे. गेम बराच पुढे गेल्यावर ते पत्र पाण्यात बुडवावे, असा निरोप मिळतो. हे पत्र म्हणजे हातातला खराखुरा कागद! तो भिजवला की अदृश्य शाईत लिहिलेला ७४७ हा आकडा उमटे आणि तो टाकला की पाणबुडी पुढे निघे. गेम भाड्याने आणणाऱ्यांकडे किंवा जुना विकत घेणाऱ्यांकडे पत्र नसे. ते तिथेच अडकून पडत.

१९९८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये मेरिल या पात्राशी वायरलेसवर बोलण्यासाठी लागणारी फ्रीक्वेन्सी सीडीच्या डबीच्या मागे आहे, असे सांगितले जाते. खेळाडूच्या झोळीतही तेव्हा एक डिस्क असते, त्यामुळे अनेक जण तीच उलटसुलट करून पाहत बसले. प्रत्यक्षात १४०.१५ हा आकडा दुकानातून आणलेल्या डबीच्या मागे छापलेल्या एका छोट्या चित्रात होता. डिजिटल प्रतीला मागची बाजूच नसते.

भारतात पुस्तिका पोहोचलीच नाही

मराठी घरांतल्या ज्या पिढीने ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळले, तिच्यापैकी बहुतेकांना ही पुस्तिका कधी दिसलीच नाही. इथे टीव्हीला जोडायचे जे गेम मिळत, ते प्रामुख्याने मूळ यंत्राच्या स्वस्त नकला होते. एका ‘कॅसेट’मध्ये शेकडो, कधी कधी लाखो गेम असल्याचा दावा असे आणि त्यातले बरेचसे तेच ते असत. सोबत आलाच तर वायर कुठे जोडायची हे सांगणारा कागद. बाकी सगळी विद्या तोंडी. ‘काँट्रा’मध्ये तीस जीव मिळवण्यासाठी वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे असा बटणांचा क्रम मोठ्या भावंडांकडून किंवा शेजारच्या मुलाकडून शिकला जाई. विटांमध्ये अडकलेल्या प्रजेची गोष्ट या मार्गाने काही पोहोचली नाही.

कागद गेला कसा?

पुस्तिका एका रात्रीत नाहीशी झाली नाही. आधी ती बारीक झाली, मग तिची रंगीत पाने कृष्णधवल झाली आणि शेवटी बटणांचे एक चित्र आणि झगमगत्या दृश्यांमुळे फिट येण्याच्या धोक्याचा इशारा एवढेच तिच्यात उरले. एप्रिल २०१० मध्ये फ्रान्सच्या ‘युबिसॉफ्ट’ने प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरील आपल्या गेममधून कागदी पुस्तिका काढून गेममध्येच डिजिटल पुस्तिका देण्याचे जाहीर केले. पुस्तिकांच्या एक टन कागदासाठी सरासरी १३ झाडांचे दोन टन लाकूड लागते, असा कंपनीचा हिशेब होता. पर्यावरणाचे कारण खोटे नव्हते. पण छपाई, बांधणी आणि वाहतुकीचा खर्च वाचतो, ही बाबही कुणापासून लपली नव्हती. इतर मोठ्या कंपन्यांनीही पाठोपाठ तोच रस्ता धरला. पुढची काही वर्षे गेमच्या डब्यांत पुस्तिका अडकवायच्या प्लास्टिकच्या चिमट्या तशाच राहिल्या, आत काही नसे.

यामागे तांत्रिक कारणही होते. छपाईला वेळ लागतो, त्यामुळे पुस्तिकेचा मजकूर गेम पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी पक्का करावा लागे. यंत्रे इंटरनेटला जोडली गेल्यावर गेम विक्रीला आल्याच्या दिवशीच दुरुस्तीची फाइल येऊ लागली. एखाद्या हत्याराची ताकद पुढच्या महिन्यात बदलणार असेल, तर ती कागदावर छापून काय उपयोग?

आणि मेमरीची मूळ अडचण तर केव्हाच संपली होती. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर कथा, संवाद, शिकवण्या सगळे मावू लागले. गेममध्येच शिकवण्याची कला त्यापूर्वीही होती. मारिओचा पहिलाच टप्पा असा रचलेला आहे की न वाचताही उडी मारायला शिकता येते. समोरून शत्रू येतो, पहिल्यांदा त्याला धडकून मारिओ मरतो, दुसऱ्यांदा खेळाडू आपोआप उडी मारतो. २००७ सालच्या ‘पोर्टल’ने तर गेमचा मोठा भाग म्हणजे एकामागून एक धडेच आहेत, अशी रचना केली आणि तो कंटाळवाणा होऊ दिला नाही. चांगल्या गेमला पुस्तिका लागू नये, हा विचार इथून पक्का होत गेला.

डिजिटल दुकानांत काय मिळते?

दुकानागणिक उत्तर वेगळे आहे. संगणकावरील गेमचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या ‘स्टीम’वर काही गेमच्या पानावर मॅन्युअलचा दुवा असतो. तो द्यायचा की नाही, हे प्रकाशकाच्या मर्जीवर.

२००८ साली सुरू झालेले पोलंडचे ‘जीओजी’ हे दुकान जुन्या गेमसोबत पुस्तिका, नकाशे, कधी संगीत अशा फाइली देते. या सवयीमागे एक इतिहास आहे. जीओजीची जननी असलेल्या ‘सीडी प्रोजेक्ट’ने १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा गेम पोलंडमध्ये आणला, तेव्हा तिथल्या बाजारात चोरट्या सीडींचा सुळसुळाट होता. किमतीत त्यांच्याशी स्पर्धा अशक्य होती. म्हणून कंपनीने गेम पोलिश भाषेत केला आणि खोक्यात चर्मपत्रासारखा नकाशा, नियमांचे पुस्तक आणि संगीताची सीडी घातली. चोरट्या प्रतीत हे मिळत नव्हते. लोकांनी खोके विकत घेतले. पुस्तिका ही खर्चाची बाब आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यायला हरकत नाही.

निन्टेंडोचा प्रवास मात्र उलटा झाला. ‘वी’ या यंत्रावर जुने गेम डाउनलोड करून विकताना कंपनीने प्रत्येकासोबत पडद्यावर वाचता येणारी मार्गदर्शिका दिली. ‘स्टारट्रॉपिक्स’ तिथे आला, तेव्हा तिच्यात त्या पत्राचे चित्र होते आणि ते पडद्यावरच्या बादलीत बुडवता येत असे. बुडवले की ७४७ दिसे. जुन्या गेमचा कागदी भाग डिजिटल रूपात आणण्याचे इतके नेटके काम क्वचितच झाले असेल. ‘थ्रीडीएस’ (२०११) आणि ‘वी यू’ (२०१२) या यंत्रांवर मुख्य मेनूतून कोणत्याही क्षणी गेमची पुस्तिका उघडायची सोय होती. २०१३ साली ‘अर्थबाउंड’ हा १९९५ सालचा गेम वी यूवर आला, तेव्हा मूळ खोक्यातले जाडजूड मार्गदर्शक पुस्तकही कंपनीने मोफत वाचायला ठेवले. २०१७ साली ‘स्विच’ आले आणि त्यात पुस्तिकेची सोयच नव्हती. दरम्यान जुनी दुकानेही बंद होत गेली. वीचे दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले, तर वी यू आणि थ्रीडीएसवरची विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबली. ज्यांनी आधी विकत घेतले त्यांच्याकडे बादली आहे, नव्याने येणाऱ्याला ती मिळणार नाही.

पुस्तिका पुन्हा देणे वाटते तितके सोपे नसते, हेही खरे. गेमचे हक्क कंपनीकडून कंपनीकडे विकले जातात. पुस्तिकेतील चित्रे किंवा मजकूर यांचे हक्क दुसऱ्याच कुणाकडे असू शकतात. कधी नव्या मालकाकडे मूळ पुस्तिकेची प्रतच नसते. तरीही ज्या गेममध्ये पुस्तिकेशिवाय पुढे जाता येत नाही, तिथे निदान आवश्यक ती पाने देणे हे विक्रेत्याचेच काम आहे. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात असा कायदा लागू झाला आहे की, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त वापराचा परवाना मिळतो, हे दुकानाने स्पष्ट सांगावे. त्या परवान्यात वस्तू पूर्ण आहे की नाही, हा प्रश्न मात्र अजून कुणी फारसा विचारलेला नाही.

गेममधली शिकवणी पुरते का?

गेममधली शिकवणी एकदाच होते. पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर सूचना येतात, त्या पाळल्या की नाहीशा होतात. पुस्तिका तशी नव्हती. ती हवी तेव्हा, हव्या त्या पानावर उघडता येत असे. हा फरक जाणवतो तो मध्ये खंड पडल्यावर. परीक्षेमुळे किंवा नोकरीच्या धबडग्यात चार महिने गेम बाजूला राहिला आणि पुन्हा उघडला, तर ढाल कोणत्या बटणावर होती तेही आठवत नाही. बहुतेक गेममध्ये बटणांची यादी मेनूत असते. पण नियम, चिन्हांचे अर्थ, कोणत्या गोष्टीचा कशावर परिणाम होतो हे तिथे असेलच असे नाही. शिकवणी पुन्हा पाहायची तर काही गेममध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ही पोकळी भरून काढली ती खेळाडूंनीच. ‘माइनक्राफ्ट’ हा गेम २०११ साली पूर्ण रूपात आला, तेव्हा लाकडापासून कुदळ कशी बनवायची, हेही त्यात कुठे सांगितलेले नव्हते. खेळाडूंनी इंटरनेटवर विकी उभारले आणि तेच या गेमचे मॅन्युअल झाले. संगणकावरच्या आवृत्तीत वस्तू बनवण्याच्या कृतींचे पुस्तक २०१७ साली आले. त्याच्या आधीच माइनक्राफ्टच्या छापील हस्तपुस्तिका दुकानांत आल्या होत्या आणि त्यांचा प्रचंड खप झाला. पूर्वी जे खोक्यात फुकट मिळे, ते मुलांनी वेगळे पैसे देऊन विकत घेतले.

काही प्रकारच्या गेमनी पुस्तिका सोडलेली नाही. विमान चालवण्याचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या ‘डीसीएस वर्ल्ड’मध्ये ए-१० या लढाऊ विमानासोबत ६०० हून अधिक पानांची पीडीएफ पुस्तिका येते. ती वाचल्याशिवाय इंजिनही सुरू करता येणे कठीण. पीडीएफचे काही फायदे कागदाला नाहीत. तिच्यात शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते, चूक सुधारून नवी प्रत देता येते. डोळ्यांचा त्रास असलेल्यांना तर ती जास्तच सोयीची. तेव्हा कागद गेला याचे दुःख करण्यापेक्षा मजकूर का गेला, हे विचारणे अधिक योग्य.

कॅनडातील अँड्र्यू शोल्डाइस यांच्या ‘ट्युनिक’ या मार्च २०२२ मध्ये आलेल्या गेमने या हरवलेल्या पुस्तिकेलाच कोडे बनवले. यातला नायक एक छोटा कोल्हा आहे. जगात फिरताना त्याला एका रंगीत मॅन्युअलची सुटी पाने सापडत जातात. ती बहुतांशी न वाचता येणाऱ्या लिपीत आहेत. चित्रांवरून, अधूनमधून दिसणाऱ्या ओळखीच्या शब्दांवरून आणि समासात पेनने केलेल्या खुणांवरून अर्थ लावावा लागतो. अगदी सुरुवातीपासून हाताशी असलेले एखादे कौशल्य खेळाडूला नेमके पान मिळाल्यावरच कळते. परदेशी भाषेतली पुस्तिका उलगडत बसलेल्या लहान मुलाचा अनुभव यात जसाच्या तसा आहे.

जुन्या पुस्तिका कुठे सापडतात?

अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या जुलै २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात कायदेशीरपणे विकत मिळत नाहीत. गेमचीच ही गत, तर त्यांच्या पुस्तिकांची काय कथा! त्या टिकल्या आहेत त्या मुख्यतः हौशी संग्राहकांमुळे. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर हजारो पुस्तिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. २०२२ साली एका संग्राहकाने प्लेस्टेशन २ च्या अमेरिकेतील १,९०० हून अधिक पुस्तिका उच्च दर्जाच्या स्कॅनसह तिथे उपलब्ध केल्या. निन्टेंडोने २०१६ साली काढलेल्या छोट्या ‘एनईएस क्लासिक’ यंत्रात क्यूआर कोड होता; तो मोबाइलने स्कॅन केला की त्यातील जुन्या गेमच्या मूळ पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर उघडत. त्यांत ‘झेल्डा’चीही होती.

जुना गेम डिजिटल दुकानातून घेताना आधी त्याच्या पानावर मॅन्युअलचा उल्लेख आहे का, ते पाहावे. नसेल तर गेम उतरवल्यावर त्याच्या फोल्डरमध्ये पीडीएफ शोधावी. अनेकदा ती तिथे निमूटपणे पडून असते आणि गेममधून तिच्याकडे जायचा रस्ता नसतो. त्यानंतर प्रकाशकाचे संकेतस्थळ आणि शेवटी आर्काइव्ह. सापडलेली फाइल आपल्याकडे उतरवून ठेवणे बरे, कारण दुवे मरतात आणि दुकाने बंद होतात. पुस्तिका कोणत्या आवृत्तीची आहे, हेही तपासावे लागते. एकाच गेमच्या अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या पुस्तिका वेगळ्या असू शकतात आणि संगणकावरच्या आवृत्तीतली बटणे टीव्हीवरच्या यंत्राला लागू पडत नाहीत. पान आणि ओळ मोजून शब्द शोधायचा असेल, तर दुसऱ्या आवृत्तीची पुस्तिका असून नसल्यासारखी.